उजवा खांदा

भात झोडून झालं की शिवार एकदम उघडं पडतं. धसकटांमधून वालाचे वेल वर येतात. सकाळी इतकं दव असतं की ओट्यावर विसरलेलं सूप ओलं मिळतं. कर्नाळ्याचा सुळका आधी दिसतच नाही. ऊन चढलं की धुक्यातून त्याचं नुसतं टोक वर येतं, कुणी हात उंच करून उभं राहावं तसं. मग जमीन धावण्याइतकी टणक झाली की एके दिवशी रेल्वेच्या नव्या रुळांपलीकडून तो आवाज येतो. फळकुटावर चेंडू बसल्याचा. टक. थोडा वेळ काही नाही. पुन्हा टक.

हे तेव्हा ओट्यावर चहा पीत असतात. आवाज आला की बशी ओठांपाशी थांबते. मान वळत नाही, डोळे वळत नाहीत, फक्त बशी थांबते. मग फुंकर घालून पुढचा घोट. इतकी वर्षं झाली, पण थंडीतल्या पहिल्या आवाजाला बशी थांबली नाही असं एकदाही झालेलं नाही. मी आत जाते. आत काही काम नसलं तरी जाते.

चौथीत असताना आवडत्या ऋतूवर दहा ओळी लिहायच्या होत्या. मी हिवाळा लिहिला होता. शेकोटी, बोरं, उन्हात वाळत घातलेली गोधडी. बाईंनी वर्गात वाचून दाखवला तेव्हा लाजून मी पाटीमागे तोंड लपवलं होतं. त्यानंतर घरच्या पत्रांखेरीज काही लिहिलं नाही. आता दुपारी हे कामावर गेले की घरात कुणी नसतं आणि ही वही कुणी उघडत नाही. म्हणून हिवाळाच लिहिते आहे. एकच हिवाळा.

ह्यांचा हात गोफणीवर घडला. सासरचं शेत सुकापूरच्या वाटेवर, जेमतेम एक तुकडा. भात पोटरीला आलं की पाखरं उतरायची आणि मचाणावर बसून गोफण फिरवायचं काम लहानपणापासून ह्यांच्याकडे. माझ्या सासूबाईंना मी आत्याबाई म्हणत असे. त्या मोठ्या अभिमानाने सांगायच्या, "आमचा दत्तू पाखराला दगड मारायचाच नाही. पाखरू पुढे जिथे जाणार तिथे मारायचा. पाखरू आपणच येऊन लागायचं."

त्या हातात पुढे चेंडू आला. लग्नाआधीच्या एका थंडीत मुंबईच्या एका कापडगिरणीचा संघ पनवेलला खेळायला आला होता. ह्यांनी अनवाणी धावत येऊन त्यांच्या पाच जणांच्या दांड्या उडवल्या. संध्याकाळी त्यांच्या कप्तानाने ह्यांना बाजूला घेतलं.

"गिरणीत येतोस का?"

"मला गिरणीतलं काही येत नाही."

"तेच बरं," कप्तान म्हणाला.

ह्याचा अर्थ मला लग्नानंतर कळला. गिरणीत हे बदली कामगार होते. बदलीवाल्यांनी रोज सकाळी दरवाज्यापाशी उभं राहायचं. कायम माणसांपैकी कुणी आला नाही तर त्याच्या जागी ह्यांच्यातल्या एकाचं नाव पुकारतात. ज्याचं नाव नाही त्याने घरी जायचं. पण खेळणाऱ्या बदलीवाल्यांचं नाव रोज पुकारलं जायचं, कुणी गैरहजर असो नसो. हे आत जायचे, कताई खात्यात सही करायचे, यंत्रांमधून एक फेरी मारायचे आणि मागच्या दाराने मैदानावर. पाच वर्षांत ह्यांनी एक तुटलेला धागा सांधला नाही. पगार कताईवाल्याचा आणि काम चेंडूचं. इथल्या लोकांना ते खरं वाटत नसे. विहिरीवर बायका विचारायच्या, "काय गं, तुझा नवरा चेंडू टाकतो आणि त्याचे पैसे देतात? मग आमचे हे दिवसभर गप्पा टाकतात, त्यांना लाव की कुठे." मी हसून कळशी उचलायची. मला उत्तर कधी वेळेवर सुचलं नाही. अजूनही नाही.

मी ह्यांना खेळताना एकदाच पाहिलं. लग्नानंतरची पहिली थंडी, गिरणीचा संघ पुन्हा पनवेलला आला होता. बायका सामन्याला जात नसत, म्हणून मी पेंढा आणायचं निमित्त काढलं आणि उडवीच्या आड उभी राहिले. उडवी म्हणजे पेंढ्याचा रचून ठेवलेला ढीग, माणसाहून उंच. पेंढा गरम होता, त्याची कुसळं मानेला टोचत होती. हे लांबून धावत आले. घरात जेवताना, बोलताना हा माणूस कुठेतरी अवघडलेला असायचा. तिथे धावताना काहीच अवघडलेलं नव्हतं. हात वर गेला तो कानाला घासून. चेंडू मला दिसलाच नाही, फक्त मधली दांडी मागे जाऊन पडलेली दिसली. आणि हे हसले. कुणाकडे पाहून नाही, आपल्याशीच. मी पेंढा न घेताच घरी आले. आत्याबाईंनी विचारलं, "पेंढा कुठाय?" मी म्हटलं, ओला होता.

आता रोज सकाळी मी ह्यांना सदरा घालते. आधी उजवी बाही. हात खांद्याच्या वर जात नाही, म्हणून हे थोडे वाकतात आणि मी बाही खालून वर चढवते. मग डोकं, मग डावी बाही ते स्वतःच घालतात. केस डाव्या हाताने विंचरतात. बाही घालू देतात, पण खांद्याला तेल लावू देत नाहीत. थंडीत खांदा आखडतो, तेल तर हवंच. आत्याबाई होत्या तोवर त्या लावायच्या. त्या गेल्यापासून हे स्वतःच डाव्या हाताने, पोचेल तिथपर्यंत लावतात. मागच्या बाजूला हात पोचत नाही. ती जागा कोरडी राहते. त्या कातडीवर अजून काळपट वण आहेत आणि ते दिसू नयेत म्हणून हे लाजत असतील, अशी मी मनाची समजूत घातली होती.

त्या हिवाळ्याबद्दल लिहायचं तर आधी खोलीबद्दल लिहायला हवं.

लग्नाला चार वर्षं झाली होती. हे शनिवारी संध्याकाळी ठाण्यावरून येणाऱ्या एसटीने यायचे आणि सोमवारी पहाटे जायचे. सामना असला तर तेही नाही. मूल नव्हतं. आत्याबाई वाईट नव्हत्या, पण त्यांच्या प्रत्येक वाक्याच्या शेवटी एक टाचणी असायची. "चार पावसाळे गेले," एवढंच म्हणायच्या. पुढचं मला कळायचं. त्या वर्षी दिवाळीत हे आले ते वेगळ्याच तोऱ्यात. चहा पिता पिता म्हणाले, "साहेब म्हणालेत, ह्या वर्षी ढाल आणली की मला कायम करतील. आणि गिरणीच्या चाळीत खोली."

"कुणाला खोली?" आत्याबाईंनी विचारलं.

"आम्हाला," हे म्हणाले, आणि माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही, पण 'आम्हाला' म्हणाले.

"झालं. राणीसरकार निघाल्या मुंबईला," आत्याबाई म्हणाल्या.

ढाल म्हणजे गिरण्या-गिरण्यांच्या सामन्यांची. लाकडावर चांदीचा पत्रा ठोकलेली, एवढंच मला माहीत. पण मला त्या शब्दात खोलीच दिसायची. खोलीला खिडकी आहे की नाही ठाऊक नव्हतं, तरी जुन्या निळ्या लुगड्याचा मी एक पडदा शिवला. दुपारी आत्याबाई लवंडल्या की काढायचा, चार टाके घालायचे, पुन्हा गोधडीच्या घडीत ठेवायचा. आरसा कुठे लावायचा, स्टोव्ह कुठे ठेवायचा, सगळं ठरलं होतं. न पाहिलेल्या खोलीत मी तो हिवाळाभर राहत होते.

आणि ह्यांचा खांदा दिवाळीपासूनच दुखत होता.

हे मला एकटीलाच ठाऊक होतं. शनिवारी आल्यावर हे भिंतीकडे तोंड करून बसायचे आणि मी कोमट तेल जिरवायची. बोटांखाली खांद्यात आत काहीतरी सुताच्या गुंडीसारखं लागायचं. गिरणीच्या डॉक्टरांना दाखवा म्हटलं तर म्हणाले, "वेडी का काय? डॉक्टर सांगणार साहेबांना. खांदा दुखतो कळलं की संपलं." एकदा तेल लावता लावता म्हणाले, "गोफण बरी होती. दुखलं की थांबता यायचं." मी दाब वाढवला. माझ्या मनात खोली होती.

वालाच्या शेंगा घेऊन जनाबाय दारावर यायची. सुकापूरकडची, आमच्या शेताच्या शेजारची. टोपलीत वाल, वर भांबुर्ड्याचा पाला, पोपटी लावायला. तिला मी आडून आडून विचारलं, हाड-सांध्याच्या दुखण्याला काय करतात. ती हसली.

"कोनाचं दुखतंय? तुजं का त्याचं?"

मी शेंगा निवडू लागले.

"बिब्बा लाव. रानातले ताजे हायेत माज्याकडं." टोपलीच्या तळातून तिने मूठभर काळे, चकचकीत बिब्बे काढले. "दाभनात टोचायचा, इस्तवावर धरायचा. त्याल सुटलं का ठिपका द्यायचा. तीन ठिपके. तीन म्हंजे तीन. वरनं चुना. घाम येऊ द्याचा नाय, उनात जायाचं नाय. चवथा लावशील तर उतंल, फोड येतील. मंग मला शिव्या देत येशील, बाय."

"तीनच," मी म्हटलं.

"तशी तू शानी हायेस," असं म्हणून ती टोपली उचलून गेली.

त्या रविवारी दुपारी शेजारच्यांनी शेतात पोपटी लावली होती. मडक्यात वालाच्या शेंगा आणि भांबुर्ड्याचा पाला भरून मडकं उपडं करून पेंढा पेटवतात, त्याचा धूर आमच्या परसात येत होता. आत्याबाई तिकडे गेल्या होत्या. मी चुलीतले निखारे पुढे ओढले. हे चटईवर पालथे पडले होते. ढालीचा शेवटचा सामना पुढच्या शनिवारी होता. बिब्ब्यातून तेल फुगून वर आलं, काळं, मधासारखं. पहिला ठिपका दिला तेव्हा हे फक्त "स्स" म्हणाले. दुसरा, तिसरा. मग चुना.

"कुठे दुखतं अजून?" मी विचारलं.

"इथे," हे म्हणाले. "आणि खाली, पाठीकडे. आणि वर, मानेच्या जवळ."

बोट दाखवलं तिथे तिथे मी पाहत राहिले. तीन ठिपके फार लहान दिसत होते. एवढा मोठा खांदा, एवढा मोठा सामना, आणि तीन ठिपके. एका ठिपक्याने बरं वाटत असेल तर दुखतं तिथे तिथे का नको, असं मला वाटलं. खरं सांगायचं तर मला वाटलं असंही नाही. हात आपणच पुढे गेला. चौथा. पाचवा. सहावा पाठीकडे. सातवा मानेच्या खाली. सगळ्यांवर चुना. मला त्या निळ्या पडद्याची दुमड आठवत होती, जी अजून टाचायची राहिली होती.

"किती लावलेस?" ह्यांनी विचारलं.

"तीन."

"बरं," हे म्हणाले.

सोमवारी पहाटे हे गिरणीने दिलेला पांढरा शर्ट घालून गेले. तोच एक चांगला शर्ट होता, येतानाही तोच, जातानाही तोच. परीट कपड्यांवर खूण घालतो ती बिब्ब्याच्या तेलानेच, आणि ती खूण कापड फाटेपर्यंत जात नाही, हे मला लहानपणापासून माहीत होतं. पण पहाटे अंधारात बटणं लावून देताना ते माझ्या ध्यानात आलं नाही. ह्यांनी खांदा फिरवून पाहिला. "हलका वाटतोय," म्हणाले. जाताना आत्याबाईंच्या पाया पडले. माझ्याकडे पाहून म्हणाले, "पुढच्या रविवारी बघू काय होतं ते." मी आत येऊन पडद्याची दुमड टाचली.

तो आठवडा मला दिवसादिवसाने आठवतो. मंगळवारी मिठागराकडून वारा आला, अंगाला चिकट. बुधवारी वाल सोलताना माझ्याच बोटाला, जिथे बिब्ब्याचं तेल लागलं होतं तिथे, फोड आला. मी त्याला खोबरेल लावलं आणि आत्याबाईंना सांगितलं, चटका बसला. माझ्या बोटाला थेंबभर तेल लागलं होतं, आणि हा फोड. गुरुवारी मी देवाजवळ दोनदा दिवा लावला. शुक्रवारी एसटीच्या थांब्यापर्यंत जाऊन आले. मुंबईला जाणाऱ्या कुणाला तरी काही सांगावं, पण कुणाला आणि काय? वडाखाली उभी राहून गाडी सुटेपर्यंत पाहिली आणि घरी आले.

शनिवारी दिवेलागणीच्या आधी दारात टांगा थांबला. दाऊदभाई आधी उतरला. पनवेलच्याच मोहल्ल्यातला, ह्यांच्याच संघात दांड्यांमागे उभा राहणारा. ह्यांचा तो एकच दोस्त. त्याने ह्यांना कमरेला धरून उतरवलं. ह्यांच्या अंगात त्याचा ढगळ कुडता होता आणि उजवा हात गळ्यात बांधलेला.

"भाभी, जरा संभाळून," तो म्हणाला. "पाठीला हात लावू नका. चमडी गेलीय सगळी."

आत्याबाईंनी कुडता वर केला. खांद्यापासून मधल्या पाठीपर्यंत फोड फुटून एक झाले होते.

दाऊदभाई ओट्यावर बसला. पाणी प्यायला. "आठवडाभर बोलला नाही तो, चाची. म्हणाला उष्णता आहे. डॉक्टर बघायला आला तर हा म्हणे काही लावलं नाही. आज पहिल्या षटकात दोन दांड्या काढल्या. मी म्हटलं, वाह. मग घाम आला. कपडा चमडीला चिकटायला लागला. हात वर गेला की ओढ लागायची, म्हणून हा हात बाजूने आणायला लागला. असा. मी ओरडलो, दत्तू, हात वर! तिसऱ्या षटकात आवाज आला. खुदा कसम, मला दांड्यांमागे ऐकू आला. ओली फांदी मोडावी तसा. चेंडू हातातून खालीच पडला."

"आणि ढाल?" मी विचारलं. का विचारलं, मला आजही कळत नाही. दाऊदभाईने माझ्याकडे बघितलं. मग म्हणाला, "ढाल त्यांची झाली, भाभी."

तेव्हा आत्याबाई माझ्याकडे वळल्या. "काय लावलंस तू त्याला?"

मी चौकटीला धरून उभी होते. आतून, चटईवरून, ह्यांचा आवाज आला. "बिब्बा लावला होता आई. मीच लाव म्हटलं. तीनच लावले होते तिने. मीच उन्हात घाम काढला म्हणून उतला."

तीनच लावले होते तिने. मी ते वाक्य धरून ठेवलं. बुडणाऱ्याने काही धरावं तसं नाही. चोराने ऐवज धरावा तसं.

"शर्ट कुठाय तुझा?" आत्याबाईंनी विचारलं. "धुवायला टाकते."

"कापून काढला. फेकला," हे म्हणाले.

फोड महिन्याभरात सुकले. हात वर गेला नाही. जनाबाय एकदा येऊन दारातूनच पाहून गेली. माझ्याकडे इतका वेळ पाहिलं तिने, पण विचारलं काही नाही. वाल मात्र त्या वर्षी पुन्हा आणले नाहीत.

माघाच्या शेवटी हे पुन्हा मुंबईला गेले. दाऊदभाईने नंतर सांगितलं ते असं. पाच वर्षं ज्यांना दरवाज्यावर थांबावं लागलं नव्हतं, ते रोज पहाटे बदलीवाल्यांच्या गर्दीत उभे राहायचे. आत नावं पुकारायचे. ह्यांचं नाव यायचं नाही. बाकीचे म्हणायचे, "काय हो बॉलर, आज मॅच नाही वाटतं?" कप्तान दोनदा शेजारून गेला. एकदा थांबला, खांद्याला हात लावला, उजव्याच, आणि पुढे गेला. एकदा नाव पुकारलं गेलं, खात्यात माणूसच कमी होता म्हणून. यंत्रापुढे उभं केलं. धागा तुटला की हात वर करून सांधायचा असतो. ह्यांना यंत्र कसं थांबवायचं तेही ठाऊक नव्हतं. बाजूच्या पोक्त माणसाने थांबवलं आणि म्हणाला, "बाबा, इतकी वर्षं सही कशाची करत होतास?" त्यानंतर पुकारलं नाही. दीड महिना उभे राहून हे परत आले. पत्र्याची ट्रंक एसटीच्या टपावरून उतरवताना डाव्या हाताने धरली होती. आत्याबाई म्हणाल्या, "आलास?" हे म्हणाले, "आलो." ढाल, खोली, कायम, हे शब्द त्या दिवसानंतर आमच्या घरात कुणी उच्चारले नाहीत. पडदा मी फाडून चुलीपाशी हात पुसायला घेतला. निळा होता, लवकर काळा झाला.

इथे भाताच्या गिरणीत ह्यांना काम मिळालं. पोती भरली की त्यांची तोंडं शिवायची. डाव्या हाताने दाभण चालवायला शिकले. पहिल्या वर्षी बोटं रक्ताळलेली असायची. आता इतकं सफाईने शिवतात की नवीन माणसं पाहत राहतात. मी एकदा डबा घेऊन गेले होते तेव्हा पाहिलं. टाका घालायचा, ओढायचा, टाका घालायचा. चेहरा कोरा. उडवीआडून पाहिलेलं ते हसू नंतर मी पाहिलं नाही. हे कधी मला टाकून बोलले नाहीत, ह्यांनी हात उगारला नाही, दुसरी बायको कर म्हणणाऱ्या नातेवाइकांना घालवून दिलं. लोक म्हणायचे, नशीबवान आहेस. पण आमच्यात बोलणं उरलं नाही. मीठ दे, पाणी तापलं का, दार लाव. मला वाटायचं, खेळ गेला म्हणून माणूस मुका झाला.

दाऊदभाई पुढे वारला. आत्याबाईही गेल्या. जाताना त्यांनी माझा हात धरला होता आणि म्हणाल्या होत्या, "दत्तूचा खांदा शेकत जा." मी हो म्हटलं.

ह्या थंडीत जनाबाय पुन्हा दारावर आली. आता कमरेत वाकली आहे, डोळ्यांना कमी दिसतं. सून टोपली घेते, ती नुसती बरोबर चालते. वाल मोजून घेताना टोपलीच्या तळाशी मला काळं, चकचकीत काहीतरी दिसलं.

"बाळंतिनीसाटी हायेत," ती म्हणाली. "तुला लागतंत काय?"

तो प्रश्न तिने सहज विचारला की नाही, मला सांगता येणार नाही. माझ्या हातून वाल ओट्यावर सांडले.

त्याच आठवड्यात थंडी वाढली म्हणून ह्यांची मुंबईहून आलेली पत्र्याची ट्रंक उघडली. तिच्यात एक घोंगडी असल्याचं आत्याबाई सांगायच्या. इतक्या वर्षांत ती मी उघडली नव्हती. घोंगडी होती. तिच्याखाली गिरणीचं बदलीचं कार्ड, आणि त्याच्याखाली शर्ट. फेकलेला नव्हता. पाठीमागून वरपासून खालपर्यंत कातरीने कापलेला, पण नीट घडी घातलेला. उजव्या खांद्यावर आणि पाठीकडे तपकिरी, जवळजवळ काळे डाग. परटाने खूण घालावी तसे, एकेक सुटा. पसरलेले नाहीत, पुसटलेले नाहीत. कुणालाही दिसतील असे. मी उन्हात धरून पाहिलं आणि मग तिथेच खाली बसले. तीन नव्हते. ज्याने ही घडी घातली, त्याला ते तीन नाहीत हे पहिल्या दिवसापासून माहीत होतं. चटईवर पडून "तीनच लावले होते तिने" म्हणाला तेव्हाही माहीत होतं.

मी शर्ट पुन्हा तसाच ठेवला. त्याच घडीवर घडी.

तीन दिवस गेले. मग काल, रविवारी, सकाळी सदरा घालायच्या वेळी हे वाकून उभे राहिले आणि मी उजवी बाही हातात धरून तशीच थांबले. रुळांपलीकडे मुलं खेळत होती.

"अहो," मी म्हटलं. "तेव्हा मी तीन नव्हते लावले."

हे वाकलेले तसेच राहिले.

"सात लावले होते."

टक, असा आवाज आला. कुणीतरी ओरडलं.

"आठ," हे म्हणाले. "एक ओघळून खाली गेला होता."

त्यांचा आवाज मीठ मागावं तसा होता. त्यात राग असता तर मला धरायला काही मिळालं असतं.

"मग बोलला का नाहीत?" मी विचारलं. "इतकी वर्षं?"

हे जमिनीकडे पाहत होते. "तू सांगतेस का, बघत होतो."

मी रडले नाही. रडणं हा त्या क्षणी फार मोठा हक्क वाटला, आणि तो माझा नव्हता. एका माणसाने रोज सकाळी माझ्यापुढे वाकून वाट पाहिली होती, आणि मी रोज त्याच्या अंगात बाही चढवून चहा ठेवायला गेले होते.

"घाल बाही," हे म्हणाले. "थंडी वाजते."

मी बाही घातली. मग डोकं. डावी त्यांनी स्वतः घातली.

संध्याकाळी मी खोबरेल कोमट करून वाटी ओट्यावर नेऊन ठेवली आणि आत न जाता बाजूला बसले. ह्यांनी सदरा खांद्यावरून खाली केला. डाव्या हाताची बोटं तेलात बुडवली आणि नेहमीसारखं पोचेल तिथपर्यंत लावलं. मागचे वण कोरडेच राहिले. मी हात पुढे केला नाही, त्यांनी मागितला नाही. कर्नाळ्याचा सुळका अंधारायला लागला होता. हे उठून आत गेले. वाटीत तेल उरलं होतं. ती उचलायची मला हिंमत झाली नाही, आणि सकाळपर्यंत ते थंडीने गोठून पांढरं झालं होतं.